घोड्यांचा माणूस गेला

रानवाट

गेल्या महिन्यात आमच्या भागातले एक शायान आजोबा गेले. शायान ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. वय ८४. त्यांचं नाव लिहीत नाही. घरच्यांना विचारलेलं नाही, आणि विचारावं असे हे दिवसही नाहीत. पण बारा वर्षं मी त्यांच्या घोड्यांवर उपचार केले, त्यांच्या चुलीपाशी बसून जेवले. इथे इंग्रजीत सांत्वन करून आले, तरी गळ्यात अडकलेलं तसंच राहिलं. म्हणून मराठीत लिहितेय.

मी परळच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकले. लग्नानंतर अमेरिकेत आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि आग्नेय माँटानात गुराघोड्यांची डॉक्टर झाले. टंग नदीच्या पश्चिमेला उत्तर शायान लोकांचा राखीव प्रदेश आहे, साधारण ४,४४,००० एकरांचा. टेकड्यांवर पाँडेरोसा पाइन आणि खाली लाल रस्ते. जमिनीखालचे कोळशाचे थर कधीकाळी पेटले आणि वरची माती विटेसारखी भाजून निघाली, म्हणून हा लाल रंग. लेम डिअर हे मुख्य गाव. आजोबांचं घर तिथून बस्बीकडे जाताना, रोझबड ओढ्याच्या अंगाला.

पहिली भेट फेब्रुवारीतल्या एका रात्री झाली. पारा शून्याखाली २५. फोनवर एवढंच सांगितलं, "घोडीचं पोट दुखतंय." मी पोचले तेव्हा ते घोडीला अंगणात फिरवत होते, लोळू देत नव्हते. तीन तास फिरवत होते, हे मला त्यांच्या नातीकडून कळलं. घोड्याला उलटी होत नाही. आतडं अडलं की वायू बाहेर पडायला वाटच नसते आणि जनावर तडफडतं. मी स्टेथोस्कोप काढेपर्यंत त्यांनी घोडीच्या कुशीला कान लावला आणि म्हणाले, "डावीकडे आवाज आहे. उजवीकडे नाही." मी तपासलं, तसंच होतं. मग नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं आणि आम्ही दोघं आळीपाळीने घोडीला फिरवत राहिलो. पहाटे साडेचारला तिने लीद टाकली. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. आत गेलो तर आजींनी मांस-बटाट्याचा रस्सा गरम करून ठेवला होता.

लोकांच्या मनात शायान म्हटलं की पिसांचा टोप आणि हातात भाला येतो. माझ्या डोळ्यांपुढे येतात ते बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली टोपी घातलेले आजोबा. खिशात गवताच्या गाठोड्यांची सोडलेली सुतळी कायम. तिने ते कुंपण बांधत, फाटक अडकवत, एकदा तर माझ्या गाडीचा सायलेन्सर बांधून दिला होता. पंचवीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. पहाटे चारला उठायचं, घोड्यांना गवत-पाणी, हिवाळ्यात पाण्यावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडायचा, मग बस. दुपारी नाल ठोकणं, कुणाचं तरी शिंगरू शिकवणं, संध्याकाळी पुन्हा बस. तरुणपणी उन्हाळाभर वणवा विझवणाऱ्या टोळीत. उत्तर शायानांच्या या टोळ्यांचं पश्चिम अमेरिकेत नाव आहे, दूरच्या राज्यांतून त्यांना बोलावणं येतं. त्या पैशांतून त्यांनी घराचं छप्पर घातलं आणि मुलांना बूट घेतले.

मुलं सात. तीन पोटची, चार भावाबहिणींची. हा फरक मला दोन वर्षांनी कळला, तोही दवाखान्याच्या एका कागदामुळे. त्यांच्या बोलण्यात तो कधीच नव्हता.

शिंगरू शिकवायची त्यांची रीत सांगते. पहिले दोन-तीन दिवस ते गोल कुंपणात नुसते उलट्या बादलीवर बसून राहायचे. शिंगराकडे पाठ. ते हुंगायला आलं तरी वळायचे नाहीत. मग हळूहळू मानेवर हात, पाठीवर जुनी घोंगडी. पहिल्यांदा वर बसायचं ते नदीत घोड्याच्या पोटापर्यंतच्या पाण्यात किंवा गुडघाभर बर्फात. तिथे घोड्याला उसळता येत नाही, आणि उसळलाच तर पडणाऱ्याला लागत नाही. ही मैदानी लोकांची जुनी पद्धत. त्यांना ती मामाने शिकवली, त्यांनी सातही मुलांना शिकवली, आणि शेवटी शेवटी ते ती नातीला शिकवत होते.

अंत्ययात्रेत शवपेटी घोड्यांच्या गाडीवर होती. मागून त्यांचा करडा घोडा चालवत नेला, खोगीर कसलेलं, वर कुणी नाही. लगाम नातीच्या हातात. अर्धा मैल तो घोडा एकदाही थांबला नाही की खिंकाळला नाही.

एवढंच लिहायचं होतं.

मुक्ता_स

ताई, वाचून थांबले थोडा वेळ. तुमच्या आजोबांना माझा नमस्कार.

एक भाबडा प्रश्न. शायान म्हणजे वायोमिंगची राजधानी ना? तिथला मोठा रोडिओ, म्हणजे घोडे-वासरं काबूत आणायच्या खेळांचा मेळा, ऐकून आहे. हे लोक तिथले का?

रानवाट

मुक्ता, भाबडा नाही. शहराला नाव या लोकांवरून मिळालं, पण ते राहतात दुसरीकडे. उत्तर शायान माँटानात, दक्षिण शायान ओक्लाहोमात अरापाहो लोकांसोबत. स्वतःला ते त्सित्सिस्तास म्हणतात. 'रेड इंडियन' हा शब्द इथे कुणी वापरत नाही, आपणही सोडलेला बरा. आजोबा स्वतःला सरळ 'शायान' म्हणायचे, नाहीतर 'इंडियन'.

आणि घोडा त्यांच्याकडे मुळातला नाही. पूर्वी हे लोक मिनेसोटा-डकोटाच्या बाजूला मातीच्या घरांत राहून मका पिकवायचे. अठराव्या शतकात घोडे हाती आले आणि दोन-तीन पिढ्यांत सगळं जगणं बदललं. गव्यांमागे फिरणं, कातडी तंबू, सामान ओढायला कुत्र्यांऐवजी घोडे. त्यांच्या भाषेत घोड्याला 'मोएह्नोहा' म्हणतात. त्यात एल्क हे मोठं हरीण आहे आणि कुत्राही आहे. आजोबांनी शब्द फोडून सांगितला होता, "एल्कएवढा कुत्रा. ओझं कुत्र्यासारखं वाहतो म्हणून." त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटचा स्वर कुजबुजल्यासारखा येतो, नुसता श्वास. मला तो कधी जमला नाही. ते दर वेळी पुन्हा म्हणून दाखवायचे.

नीराकाठ

आमच्याकडं धनगरवाड्यात अजून घोडी आहे. दिवाळीनंतर मेंढरं कोकणाकडं निघाली की बिऱ्हाड तिच्याच पाठीवर. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, चालून दमलेलं कोकरू आणि वर एखादं पोरगं. भीमथडी जातीची, बुटकी पण चिवट. या जातीला आता सरकारदरबारी स्वतंत्र देशी वाण म्हणून नोंद मिळाली आहे.

तुम्ही बादलीवर पाठ करून बसायचं लिहिलं, ते वाचून माझा आजा आठवला. तो शिंगराजवळ बसून विडी ओढायचा आणि मेंढरांची लोकर काढायच्या गप्पा मारायचा, शिंगराशीच. आम्ही हसायचो. आता कळतंय त्याचं काय चाललं होतं.

घोडा शिकवणाऱ्याला जुन्या लोकांत चाबूकस्वार म्हणत.

रानवाट

नीराकाठ, तुमच्या आजोबांचं वाचून डोळे भरले. चाबूकस्वार हा शब्द विसरलेच होते. पण या आजोबांच्या हातात बारा वर्षांत मी एकदाही चाबूक पाहिला नाही. कुणाच्या घोड्याच्या अंगावर वळ दिसले तर ते तो घोडा शिकवायला घेत, मालकाला मात्र कुंपणाबाहेर उभं करत.

डेन्व्हरकर

दोन वर्षांपूर्वी वायोमिंगमधल्या शेरिडनला इंडियन रिले शर्यत पाहिली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक स्वार, तीन घोडे, मैदानाच्या तीन फेऱ्या, खोगीर नाही. फेरी संपली की धावत्या घोड्यावरून उडी मारायची आणि तीन-चार पावलांत दुसऱ्या घोड्याच्या उघड्या पाठीवर चढायचं. सुटलेला घोडा अंगावर झेलून धरायला एक गडी, पुढचे दोन घोडे धरून उभे राहायला आणखी दोघं. चार-पाच संघ एकाच वेळी असतात, त्यामुळे अदलाबदलीच्या जागी नुसती घुसळण. माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाई स्वाराकडे बघतच नव्हत्या. घोडे धरून उभ्या असलेल्या पोराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शर्यत तो जिंकतो."

रानवाट, तुमचे आजोबा यात होते का?

रानवाट

स्वार म्हणून नाही, उंच आणि जड होते. पण त्यांनी घोडे धरायचं काम पुष्कळ वर्षं केलं, नंतर मुलाने केलं. त्या आजीबाई बरोबर बोलल्या. धरणाऱ्याच्या अंगातून भीती घोड्यात उतरते. तो निश्चल असला तर शेजारून चार घोडे उधळत गेले तरी आपला घोडा जागचा हलत नाही.

पारनेरची_सई

थोडं वेगळं विचारते, कृपया राग मानू नका. रोडिओत घोड्यांचे, वासरांचे जे हाल होतात त्याचं काय? डॉक्टर म्हणून तुम्हाला ते चालतं?

रानवाट

सई, राग कसला. सगळंच चालतं असं नाही. उसळणाऱ्या घोड्याच्या कुशीला पट्टा आवळतात. तो नीट बांधला तर जखम होत नाही, पण घोड्याला तो नको असतो हे उघड आहे. वासराला दोर टाकून झटक्यात आडवं करणं मला बघवत नाही. मोडलेल्या पायाच्या घोड्यांना मैदानातच शेवटची सुई दिली आहे मी, ते विसरता येत नाही. रिलेतही धडका होतात.

आजोबांचं मत माझ्यापेक्षा मवाळ होतं. कळपातलं आजारी वासरू दोर टाकून धरल्याशिवाय त्याला औषध पाजता येत नाही, त्या कामातूनच हा खेळ आला, असं ते म्हणायचे. मात्र एकदा त्यांच्या ओळखीची एक घोडी मैदानात दगावली, तेव्हापासून ते उसळत्या घोड्यांचे प्रकार बघायला जायचे थांबले. कुणाला जाऊ नका म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांनी थोडं बोलायला हवं होतं. तरुण पोरं त्यांचं ऐकत.

जुनी_वही

इतिहासाबद्दल लिहाल का? लिटल बिगहॉर्नची लढाई त्याच भागातली ना?

रानवाट

हो, गाडीने अर्धा-पाऊण तास. २५ जून १८७६ ची, अमेरिकी फौजेशी झालेली ती लढाई जगाला माहीत आहे. आजोबांच्या घरात मात्र आठ दिवस आधीची, १७ जूनची रोझबडची लढाई जास्त सांगितली जायची. तिथे एका शायान योद्ध्याचा घोडा पडला आणि तो एकटा शत्रूच्या टप्प्यात सापडला. त्याची बहीण, बफेलो काफ रोड वुमन, गोळीबारातून घोडा दौडवत गेली आणि भावाला पाठीमागे बसवून घेऊन आली. इंग्रजी पुस्तकांत ती रोझबडची लढाई, शायान लोकांत 'बहिणीने भावाला वाचवलं ती जागा'. आजोबा ही गोष्ट मुलींना आधी सांगायचे, मुलांना नंतर.

पुढचं सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कर्नल मॅकेन्झीच्या अमेरिकी फौजेने शायान प्रमुख मॉर्निंग स्टार (यालाच डल नाइफ म्हणतात) याच्या वस्तीवर पहाटे हल्ला केला, तंबू आणि हिवाळ्याची बेगमी जाळली, सुमारे ७०० घोडे नेले. लोक बर्फातून पायी निघाले. त्याआधी १८६८ मध्ये दक्षिणेत वॉशिटा नदीकाठी कस्टर या अमेरिकी फौजेच्या अधिकाऱ्याने पकडलेले आठशेच्या आसपास घोडे गोळ्या घालून मारवले होते. तळामागून तळ असाच मोडला गेला. घोडा गेला की शिकार नाही, तंबू हलवता येत नाही, म्हातारी माणसं आणि लेकरं नेता येत नाहीत.

१८७७ मध्ये त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. तिथे हिवतापाने माणसं मरू लागली. सप्टेंबर १८७८ मध्ये साडेतीनशेच्या आसपास लोक लिटल वुल्फ आणि डल नाइफ या प्रमुखांबरोबर घराकडे उत्तरेला निघाले. नेब्रास्कात दोन गट झाले. डल नाइफच्या गटाला फोर्ट रॉबिन्सनच्या बराकीत कोंडलं आणि दक्षिणेला परत जायला तयार व्हावं म्हणून ऐन जानेवारीत अन्न, पाणी, सरपण तोडलं. ९ जानेवारी १८७९ च्या रात्री ते खिडक्यांतून उड्या मारून निसटले. साठाहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत बायका-मुलं होती. लिटल वुल्फचा गट माँटानात पोचला. राखीव प्रदेश अखेर १८८४ मध्ये मिळाला.

आजोबांची आजी लिटल वुल्फच्या गटात होती, सात वर्षांची. आई आणि मावशी, दोघींनी आळीपाळीने तिला पाठुंगळी घेतलं. म्हणून त्यांच्या घरात लहान मुलाला "चाल, मोठा झालास" असं कुणी म्हणत नाही. मागितलं की उचलून घेतात.

आता दर जानेवारीत शायान मुलंमुली फोर्ट रॉबिन्सनपासून बस्बीपर्यंत ४०० मैल आळीपाळीने धावतात. आजोबा शेवटच्या टप्प्यावर घोडा घेऊन उभे असायचे.

मुक्ता_स

मावशीचं वाचून 'माय मरो, मावशी जगो' आठवलं.

रानवाट

मुक्ता, त्यांच्याकडे म्हण लागत नाही, आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात आणि बापाच्या भावाला बाप. चुलत-मावस भावंडं म्हणजे सख्खीच. सात मुलांतला फरक मला कळला नाही तो याचमुळे.

आणखी एक. जुन्या रीतीप्रमाणे जावई सासूशी थेट बोलत नाही, समोरासमोर बसत नाही. हा अबोला आदराचा. आजोबांच्या सासूबाई शेवटची नऊ वर्षं त्यांच्याच घरी होत्या. नऊ वर्षांत दोघं एकमेकांशी एक वाक्य बोलले नाहीत. पण त्यांच्या दाराशी फोडलेल्या सरपणाचा ढीग कधी कमी झाला नाही, आणि आजोबांच्या हिवाळी हातमोज्यांवरचं मणीकाम सासूबाईंचं होतं. ते हातमोजे पेटीत त्यांच्याबरोबर गेले.

डेन्व्हरकर

एवढे घोडे ठेवणं परवडतं कसं? इथे एका घोड्याचं गवत-नाल-डॉक्टर मिळून खिसा रिकामा होतो.

रानवाट

परवडत नाहीच. आजोबांकडे एका वेळी वीसेक घोडे असत. स्वतःची चराई होती, गवत स्वतः कापायचे, नाल स्वतः ठोकायचे, आणि माझं बिल कधी रोख, कधी मांस, कधी कुंपणदुरुस्ती असं फेडायचे. एक पैसा बुडवला नाही.

जमीन त्यांच्याकडे राहिली यामागेही मोठी गोष्ट आहे. १९६०-७० च्या दशकांत कोळशासाठी निम्म्याहून जास्त राखीव प्रदेश भाड्याने दिला गेला होता. अटी वाचल्यावर लोक हादरले आणि १९७३ मध्ये जमातीच्या परिषदेने ते करार रद्द करण्याची मागणी केली. १९७७ मध्ये त्यांनी आपली हवा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घालून घेतली. असं स्वतःहून करणारे ते देशातले पहिले. तेव्हा आजोबा पस्तिशीचे, घरात सात मुलं, आणि खाणीच्या पैशांचा आकडा समोर. ते विरोधात होते. गावात सगळेच नव्हते, आजही नाहीत. तिथे नोकऱ्या फार कमी आहेत आणि कोळसा हवा म्हणणाऱ्यांची अडचण खोटी नाही. आजोबांनी मला एवढंच सांगितलं होतं, "खाणीतला खड्डा घोडा खात नाही."

२०१२ च्या उन्हाळ्यात ॲश क्रीकचा वणवा आला, जवळजवळ अडीच लाख एकर जळालं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस पक्कड घेऊन कुंपणं कापत फिरला, स्वतःची आणि शेजाऱ्यांची, म्हणजे घोडे सुटून ओढ्याकडे जातील. दोन सोडून सगळे परत मिळाले. कुंपणं पुन्हा उभी करायला दोन वर्षं लागली. तेव्हाही ती सुतळी.

नीराकाठ

त्या करड्या घोड्याचं आता काय होणार?

रानवाट

नीराकाठ, तेव्हा उत्तर नव्हतं, म्हणून इतके महिने गप्प राहिले. धागा वर काढतेय.

परवा वर्षश्राद्धासारखा कार्यक्रम झाला. यात घरचे लोक येणाऱ्यांना वस्तू वाटतात. वर्षभर आजी आणि लेकी गोधड्या शिवत होत्या, मधोमध मोठा तारा असलेल्या. घोंगड्या, भांडी, कॉफीचे डबे, सगळं शाळेच्या जिममध्ये रचलं होतं. ज्याला द्यायचं त्याचं नाव पुकारतात, तो पुढे येतो, सगळ्यांशी हात मिळवतो. या लोकांत मोठा माणूस तो, ज्याच्या हातून जास्त सुटतं. मला एक गोधडी मिळाली, निळी-पिवळी. 'नेआएशे' म्हणाले. आभाराचा शब्द. शेवटचा स्वर या वेळी जमला असावा, आजी हसल्या.

मग सगळ्यांना बाहेर बोलावलं. वाटायला आठ घोडे होते. सात नातलगांना आणि मित्रांना गेले. करडा घोडा नातीलाच राहील असं मी धरून चालले होते. तिनेच त्याचा लगाम धरून आणला आणि पुकारलं ते एका तेरा वर्षांच्या मुलाचं नाव. शेजारच्या वस्तीवरचा, वडील नाहीत. आजोबांच्या बसमध्ये त्याची आई बसायची. मुलगा घाबरून जागीच उभा राहिला. नातीने लगाम त्याच्या हातात दिला आणि पाठ फिरवून शेजारी उभी राहिली, काही न बोलता. थोड्या वेळाने घोड्याने मान खाली करून मुलाची बाही हुंगली.

सोमवारी घोड्याचे नाल तपासायला जायचं आहे. पुढच्या डाव्या खुराला जुनी भेग आहे, मुलाला ती दाखवून ठेवली पाहिजे.

नीराकाठ

आमची घोडी गाभण आहे. पावसाळ्याआधी विईल. शिंगरू झालं की कळवतो.